संध्याकाळची वाटणी

शार्दूलला ती युक्ती बरोबर काम करणाऱ्या बंटीने सांगितली, चाकणहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"तारीख लागलीय ना भावा? मग उद्यापासून ओव्हरटाइम बंद. कोर्टात शेवटच्या तीन पगारस्लिपा बघतात. स्लिप बारीक, की पोटगी बारीक."

"आणि तारीख झाल्यावर?" मागून कुणीतरी विचारले.

"झाल्यावर डबल मारायची, राव! तू कशाला विचारतोस? तुझं आधी लग्न तर जमू दे."

बस हसली. शार्दूलही हसल्यासारखा दिसला असावा. निवेदितापासून वेगळे होऊन त्याला वर्ष झाले होते. सात वर्षांची ऋचा आईजवळ, पिंपळे गुरवला राहत होती, आणि तिच्या खर्चात कुणाचा वाटा किती, हे आता कुटुंब न्यायालयात ठरायचे होते. त्याने ती युक्ती स्वीकारली नाही, नाकारलीही नाही. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने ओव्हरटाइमसाठी नावे विचारली तेव्हा तो गप्प राहिला, एवढेच. त्याचे बहुतेक निर्णय असेच, गप्प राहून झाले होते.

पहिली शिफ्ट सुटल्यावर दिवस एवढा शिल्लक असतो, हे तो विसरला होता. त्याच आठवड्यात निवेदिताचा फोन आला. हिंजवडीहून तिची कॅब आठच्या आत घरी पोहोचत नसे, आणि ऋचाला स्केटिंगच्या क्लासहून आणणाऱ्या शेजारच्या इंदुताई कायमच्या मुलाकडे राहायला गेल्या होत्या.

"मोकळा असशील, तर आणशील तिला?"

तो मोकळा कसा, हे तिने विचारले नाही.

मग तो रोज जाऊ लागला. मैदानाच्या कठड्याशी उभा राहून तो चाकांचा खरखराट ऐके. उन्हाचा रंग उतरत जाई आणि त्या उतरत्या रंगात ऋचा वळणावर वाकलेली दिसे, क्षणभर कुणाचीच नसलेली. घरी चालताना ती अखंड बोले. त्याला बोलावे लागत नसे, आणि ते त्याला फार बरे वाटे.

"बाबा, तुला कंपनीतून काढलं का?"

"नाही गं."

"मग तू उजेडात कसा येतोस?"

त्याने तिची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तारीख झाली की ओव्हरटाइम पुन्हा सुरू करायचा, असे ठरले होते. ते ठरलेले आता त्याच्याने उच्चारवेना. ही संध्याकाळ आपल्याकडे राहावी, यापलीकडे त्याला काही मागायचे नव्हते. पण मागणे हीच गोष्ट त्याला कधी जमली नव्हती.

तीन महिन्यांनी, तारखेच्या दिवशी, कोर्टाच्या मध्यस्थी कक्षात पंखा संथ फिरत होता. मध्यस्थ अरुंधती मॅडम पन्नाशीच्या होत्या. आवाज न चढवता बोलत.

"मुलीचा खर्च आपण मांडला आहे. तो दोघांनी आपापल्या कमाईच्या प्रमाणात उचलायचा. या स्लिपा पाहता तुमची दोघांची कमाई जवळजवळ सारखी दिसते. म्हणजे निम्मं-निम्मं." त्यांनी चष्मा काढला. "शार्दूल, तीनही महिने ओव्हरटाइम शून्य आहे. हे नेहमीचंच का?"

हो म्हणावे आणि तेच खरे करून टाकावे. पुन्हा कधी ओव्हरटाइमला थांबू नये. खोटे इतके सहज खरे होऊ शकते, याचे त्याला नवल वाटले.

"त्याला कशाला विचारता मॅडम?" निवेदिता म्हणाली. "बाहेर बाकावर बायका बसल्यात, त्यांना विचारा. चाकणच्या प्रत्येकीच्या नवऱ्याचा ओव्हरटाइम तारखेआधीच आटतो."

"तुला माहीत होतं?" शार्दूलने विचारले.

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर फोन केला. म्हटलं, पैसे लपवतोय तर लपवू दे. वाचलेला वेळ तरी पोरीला मिळू दे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला उत्तर शोधता आले असते. "पण निम्मं मला झेपत नाही रे. निम्मं ठरलं तर मला रात्रपाळी घ्यावी लागेल. मग तिच्याजवळ झोपायचं कुणी?"

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिले. दिवसभर प्रेस मशीनवर राहिले की बोटांना बराच वेळ काही कळत नाही; तसे आता छातीपर्यंत झाले होते.

"नेहमीचं नाही," तो म्हणाला. "एरवी मी रोज थांबतो. आधीच्या वर्षभराच्या स्लिपा देतो."

मॅडमनी मान हलवली. वर्षभराची सरासरी धरली, की त्याचा वाटा साठ टक्के आणि निवेदिताचा चाळीस. रविवारी ऋचा दिवसभर त्याच्याकडे. दोघांनी होकार दिला. सगळे इतके शांतपणे झाले, की बाहेर नावे पुकारणाऱ्या शिपायाचा आवाज मोठा वाटला.

सही करण्याआधी निवेदिताचा पेन थबकला. "उद्यापासून क्लासहून तिला आणायचं कुणी?"

साठ टक्के भरायचे तर त्याला उद्या चाकणलाच थांबावे लागणार होते, हे तिघांनाही कळत होते.

"रिक्षावाल्या काकांना विचारते," ती म्हणाली, आणि तिथेच फोन लावून हळू आवाजात घासाघीस करू लागली. "महिन्याचं सांगा ना काका... नाही, रविवार नको. रविवारी तिचे बाबा असतात."

फोन ठेवून तिने आकडा सांगितला. अरुंधती मॅडमनी खर्चाच्या तपशिलात एक ओळ वाढवली: संध्याकाळची रिक्षा. मग कॅल्क्युलेटर पुढे ओढून त्या रकमेचीही वाटणी केली.

"यातही तुमचे साठ टक्के," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल," शार्दूल म्हणाला, आणि त्याने सही केली.