फळ्यावरच्या कंपासाचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंपास आहे. तुमच्या पेटीत पेन्सिलीशेजारी झोपणारा टीचभर कंपास नव्हे. मी हातभर लांबीचा, खडू धरून फळ्यावर वर्तुळे काढणारा. पुस्तकात मला कर्कटक म्हणतात. माझी गोष्ट हेव्याची आहे. लाकडाने जळू नये म्हणतात, पण मी आयुष्यभर जळत आलो आणि तरी कोळसा न होता टिकलो आहे.

सिद्दापूरच्या बाजूला, सुपारीच्या बागांमधल्या एका गावात, रामय्या सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. गावच्या शाळेत दहावीपर्यंतचे वर्ग नुकतेच सुरू झाले होते. गणिताच्या हेगडे मास्तरांनी रामय्याला बजावले होते, "पाय सरळ पाहिजेत हं! वाकडे पाय बैलाचे चालतील, कंपासाचे नाही."

रामय्याने माझ्या एका पायाला लोखंडी टोक बसवले, दुसऱ्याला खडू धरणारी पितळी नळी लावली आणि डोक्यात पितळी स्क्रू आवळला. पहिले वर्तुळ त्याने घरच्या सारवलेल्या जमिनीवर काढले. काढून झाल्यावर तो बायकोला म्हणाला, "बघ, तुझा डोसा कधी इतका गोल झालाय का?" त्या दुपारी त्याला डोसा मिळाला नाही.

शाळेत मी फळ्याशेजारच्या खिळ्यावर लटकू लागलो. एका बाजूला गुण्या, दुसऱ्या बाजूला कोनमापक. मास्तर मला हातात घेत, टोक फळ्यावर टेकवत आणि एका झोकात वर्तुळ पुरे करत. तपासणीला आलेले साहेब म्हणत, "वा मास्तर, काय हात आहे तुमचा!" हात? सगळी गोलाई माझी, आणि शाबासकी हाताला! जळण्याची सवय मला तिथूनच लागली.

हेगडे मास्तर वाईट नव्हते. मुसळधार पावसात ओढ्याला पाणी चढले की ते मुलांना स्वतः पलीकडे पोचवत. मुलगा-मुलगी असा भेद त्यांनी कधी पाण्यात केला नाही. फळ्यापुढे मात्र करत. फळ्याशी बोलावत ते फक्त मुलग्यांना. मुली खिडकीकडच्या बाकांवर बसून उतरवून घेत, आणि शनिवारी आम्हाला पुसून पुन्हा खिळ्यावर अडकवत. मास्तरांचे एक ठरलेले वाक्य होते. "मुलगे गणित डोक्यानं करतात, मुली पाठ करून." ते वाक्य इतक्या वेळा माझ्या कानांवर पडले होते की मला ते एखादे प्रमेयच वाटे.

दहावीच्या एका वर्गात परमेश्वर भटांची दोन मुले एकत्र आली. थोरला विघ्नेश्वर. विषमज्वरात त्याचे एक वर्ष बुडाले, म्हणून पाठची बहीण नागवेणी त्याच्याच वर्गात येऊन बसली. विघ्नेश्वर माझा लाडका होता, कारण मास्तरांनंतर मला हातात घेणारा तोच. फळ्याशी जाताना तो मला खांद्यावर टाकून नांगर घेतल्यासारखा चाले आणि सगळा वर्ग हसे.

एकदा मास्तर तालुक्याला गेले होते. वर्गात गोंगाट चालला होता. मुलांनी पैज लावली की कंपासाशिवाय कोणाला वर्तुळ काढता येते का. कोणाचे अंडे झाले, कोणाचा बटाटा. खिडकीकडून नागवेणी उठली. तिने खडू घेतला, क्षणभर फळ्याकडे पाहिले, आणि खांद्यापासून सगळा हात एकदाच फिरवला. रेषा जिथून निघाली होती तिथेच येऊन मिळाली.

विघ्नेश्वर ताडकन उठला. "थांबा, आत्ता उघडं पाडतो." त्याने मला खिळ्यावरून काढले, मधोमध टोक रोवले आणि तिच्या रेषेवरून फिरवले. मित्रांनो, तो फेरा मी कसा सोसला ते माझे मला ठाऊक! सुरुवातीला रेषा रेषेवर पडली. पुढेही पडली. खाली एका ठिकाणी दाणाभर सरकली, तेवढीच. ज्या एका कामासाठी माझा जन्म झाला, ते या मुलीने माझ्याकडे ढुंकूनही न बघता केले होते. माझा स्क्रू आपोआप आवळल्यासारखा झाला.

"रांगोळी घालून घालून हात बसलाय हिचा," विघ्नेश्वर म्हणाला. "यात गणित कुठे आलं?"

"मग उद्यापासून तू घाल की अण्णा," नागवेणी म्हणाली. "अंगण सारवून ठेवीन मी तुझ्यासाठी."

मुली ओढणीआड हसल्या. विघ्नेश्वर हसला नाही, आणि मीही नाही. त्या दिवसापासून आम्हा दोघांचे दुखणे एक झाले.

मग स्पर्शिकेचा धडा आला. वर्तुळाबाहेर एक बिंदू दिलेला. तिथून वर्तुळाला नेमकी चाटून जाणारी रेषा काढायची. विघ्नेश्वर मला घेऊन फळ्याशी उभा राहिला आणि अडला. मास्तर खिडकीबाहेर बघत वाट पाहत होते. मागून बारीक आवाज आला. "केंद्र आणि बिंदू जोड, अण्णा. मध्य काढ. तिथे कंपास ठेव."

त्याने तसे केले. मी फिरलो, रेषा मिळाली.

"शाब्बास, विघ्नेश्वरा!" मास्तर म्हणाले. "याला म्हणतात डोकं! आणि नागवेणी, मध्ये बोलायचं नाही. तुला येत असेल तर वहीत लिही."

सहामाहीत नागवेणीला गणितात आणि विज्ञानात वर्गात सर्वांत जास्त गुण पडले. मास्तरांनी तिचा पेपर उंच धरून सगळ्यांना दाखवला. "अक्षर बघा, मोत्यासारखं. टापटीप बघा. मुलगे हो, तुम्हाला डोकं आहे, पण हात गचाळ. म्हणून मागे पडता." नागवेणी जागेवर बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. शाबासकी मिळूनही कोणी इतके उतरलेले दिसावे, हे मी पहिल्यांदाच पाहिले.

त्याच सुमारास शिरसीच्या एका मोठ्या शाळेने भूमितीची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक शाळेचा एक विद्यार्थी, आणि परीक्षकांसमोर फळ्यावर रचना करून दाखवायची. मास्तरांनी विघ्नेश्वराचे नाव दिले. दुसऱ्या कोणाचे नाव त्यांच्या मनात तरी आले होते की नाही, कोण जाणे. सरावासाठी त्यांनी मला त्याच्या घरी पाठवले.

भटांच्या घरी सुपारी सोलण्याची घाई होती. अंगणात ओल्या सुपाऱ्यांचा ढीग, आणि पाटाला बसवलेल्या पात्यावर नागवेणी आणि तिची आई सुपारी सोलत बसलेल्या. विघ्नेश्वर अंगणाच्या कोपऱ्यात सारवलेल्या जमिनीवर मला टेकवून रचना करत होता. तीच ती स्पर्शिका. पुसायचा, काढायचा, पुन्हा पुसायचा.

"पाठ झालं का रे?" आईने विचारले.

"झालं, अम्मा."

"पाठ करून काय उपयोग?" नागवेणी म्हणाली. "तीच रेषा स्पर्शिका कशावरून, असं विचारलं तर?"

"तू सुपारी सोल गं," आई म्हणाली. "त्याला करू दे त्याचं."

आई सोललेल्या सुपाऱ्या उकडायला आत घेऊन गेली. विघ्नेश्वराने काढलेली रेषा पुसली. मग जमिनीकडे बघतच म्हणाला, "सांग. कशावरून?"

नागवेणीने हात पुसले आणि मला उचलले. शाळेतल्या एकाही मुलीने मला पुसण्यापलीकडे हातात धरले नव्हते. तिने मला दाबले नाही, नुसते तोलले. अंगणातल्या त्या मातीवर मी जे वर्तुळ काढले, तसे हेगडे मास्तरांच्या झोकातही कधी निघाले नव्हते. मला आनंद झाला, आणि लगेच जळफळाटही. हे वर्तुळ माझे की तिचे?

"हे बघ," ती सांगू लागली, "मध्यावरून काढलेलं हे दुसरं वर्तुळ. आता इथला कोन याच्या अर्धवर्तुळात—"

"एकदा बघून कसं कळतं गं तुला?" विघ्नेश्वर एकदम ओरडला. "मी रात्रंदिवस घासतोय! तू चुलीपाशी बसून, गाईला चारा घालून, आणि तरी..." त्याने मला तिच्या हातातून हिसकावले आणि अंगणाच्या दगडी कडेवर आपटले. माझा खडूचा पाय उभा चिरला.

नागवेणी मागे सरली नाही. "तुला माझा हेवा वाटतो ना, अण्णा? मला तुझा रोज वाटतो. तुला नाही आलं तरी मास्तर म्हणतात डोकं आहे. मला आलं तरी म्हणतात अक्षर चांगलं आहे. माझं डोकं कोणाला दिसायचं, सांग ना?"

तिचे शिकवणे तिथेच राहिले. आवाज ऐकून अप्पा, म्हणजे परमेश्वर भट, बागेतून वर आले. "काय मोडलं?"

"हिच्या हातून पडला," विघ्नेश्वर म्हणाला.

"तुझ्या हातात दिला कोणी?" अप्पा नागवेणीवर कडाडले. ती "मी नाही मोडला" एवढेच बोलली आणि पुन्हा पात्यापाशी जाऊन बसली. माझा पाय सुंभाने बांधण्यात आला.

तशाच बांधलेल्या पायाने मी लाल बसमधून शिरसीला गेलो. मोठ्या दालनात सुरेख चकचकीत कंपास होते, पोलादी टोकांचे, स्क्रूला रबर लावलेले. त्यांना बघून मला काय वाटले ते सांगायला नको. विघ्नेश्वराच्या वाट्याला नेमकी स्पर्शिकाच आली. त्याने झरझर रचना केली. बांधलेला पाय थोडा थरथरला, पण रेषा जागच्या जागी आली. परीक्षक बाईंनी मान डोलावली आणि विचारले, "छान. पण हीच रेषा स्पर्शिका आहे, हे कशावरून?"

विघ्नेश्वराने पुन्हा तीच रेषा गिरवली. अंगणात जिथे त्याने मला आपटले होते, नेमके तिथून पुढचे त्याला माहीत नव्हते.

त्याला बक्षीस मिळाले नाही. परतीच्या बसमध्ये हेगडे मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. तुझं डोकं चांगलंय. कंपासच मोडका होता, त्याला तू काय करणार?"

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला! मुलगा हरला तर कंपास मोडका, आणि मुलगी जिंकली तर अक्षर सुंदर! आयुष्यात पहिल्यांदा मला नागवेणीचा हेवा वाटला नाही. आम्ही दोघे एकाच खिळ्यावर टांगलेले होतो.

बस घाटाच्या वळणावर कण्हत चढत होती. विघ्नेश्वराने मला मांडीवर आडवे घेतले. मग म्हणाला, "मास्तर, कंपासानं काही केलं नाही. तो मीच आपटला. नागूवर ढकललं. आणि वर्गातलं ते उत्तर तिचंच होतं. पाठ मी करतो, मास्तर. तिला कळतं."

मास्तरांचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

दहावीचा निकाल लागला. गणितात नागवेणी तालुक्यात पहिली आली. विघ्नेश्वरही चांगल्या गुणांनी पास झाला. त्या संध्याकाळी हेगडे मास्तर मला काखेत मारून भटांच्या घरी गेले. रामय्याकडून मला पितळी पट्टी ठोकून घ्यायची होती, आणि त्याचे घर त्याच वाटेवर होते. गूळपाणी झाले, विड्याचे तबक पुढे आले. मास्तरांनी पान उचललेच नाही.

"भट, नागवेणीला शिरसीला विज्ञानाला घाला."

"विघ्नूला घालणार आहे," अप्पा म्हणाले. "ती काय, पाठांतराच्या जोरावर इथवर आली. पुढे कसं झेपेल? तुम्हीच नाही का सांगायचात, मुली पाठ करतात म्हणून?"

हेगडे मास्तरांनी मान खाली घातली. दाराआड नागवेणी उभी होती, ते त्यांना दिसत होते.

"मीच सांगायचो," ते म्हणाले. "आणि चुकीचं सांगायचो. इतकी वर्षं मुलींना फळ्याशी बोलावलंच नाही, तर त्यांना काय येतं ते मला कळणार कसं?"

"मला वाणिज्यला जायचंय, अप्पा," विघ्नेश्वर मध्येच म्हणाला. "विज्ञान तिला घेऊ दे." आणि मग दाराकडे बघून, जरा रागानेच, "पण तिथे पहिली आलीस तर लगेच पत्र पाठवायचं नाही हं! मला थोडे दिवस सुखानं जगू दे."

अप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. शिरसीच्या मावशीने तिला ठेवून घ्यायचे कबूल केले, अम्माने दोन वेळा अबोला धरला, तेव्हा कुठे जमले. नागवेणी शिरसीला गेली. पुढे तिने पुलांचे आराखडे काढायचे शिक्षण घेतले, असे वर्गात मास्तर सांगत तेव्हा मी ऐकले. तिच्या हातात तिकडे कुठले कंपास असतील, या विचाराने मला अजून झोप येत नाही.

निकालानंतरच्या नव्या वर्षी हेगडे मास्तर हजेरीच्या क्रमाने सगळ्यांना फळ्याशी बोलावू लागले. मादेवी नावाची एक बुटकी मुलगी होती. तिने मला उलटेच धरले. खडू वर, टोक खाली लोंबतेय. मुले खो-खो हसली, एकाने जागेवरूनच ओरडून उत्तर सांगून टाकले. मास्तरांनी त्याला बसवले आणि मादेवीला म्हणाले, "सावकाश. तास तुझाच आहे."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तेलपाणी करा, जपून ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे थोडे वेगळे आहे. आम्हाला खिळ्यावर जपू नका. ज्या हाताने आम्हाला आजवर नुसते पुसले, त्या हातात द्या. तो हात चुकला तर लगेच हिसकावून घेऊ नका. माझा आणखी एक पाय मोडला तरी चालेल, रामय्याचा मुलगा अजून पट्ट्या ठोकतो.

मादेवीने मला सुलटे केले. टोक रोवले. मग मागे वळून हसणाऱ्यांकडे एकदा रोखून बघितले, आणि मला फिरवले.