अकरा कडव्यांची भिंत

पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं त्या भागात दुसरं कोणी नव्हतं. खिडकी नुसती बघून ती कापड किती लागेल ते सांगायची आणि ते वीतभरही चुकायचं नाही. वडील घरं रंगवायचे. लहानपणी ही त्यांच्या घोड्यावर, म्हणजे त्या दोन तंगड्यांच्या शिडीवर, सरसर चढायची म्हणून त्यांनी तिचं नाव 'खार' पाडलं. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी माहेरच्यांसाठी ती खारच होती.

एवढी धीट बाई, पण बंद जागेला घाबरायची. लिफ्टपेक्षा सहा जिने परवडले म्हणायची. नवरा कुलपं दुरुस्त करायचा, तो चेष्टा करायचा, "माझं दुकान चालतं ते दारं बंद करणाऱ्यांवर, आणि माझ्या घरात बाथरूमलासुद्धा कडी लागत नाही."

त्या वर्षी तिचं डोकं ठणकायला लागलं. उजवी बाजू. मग उजव्या हाताला मुंग्या. एके दिवशी कात्री हातातून निसटून थेट पायाजवळ पडली, तेव्हा नवऱ्याने काही ऐकून न घेता तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "डोक्याचा आणि मानेचा एमआरआय करून घेऊ. बहुतेक काही नसेल."

तो 'बहुतेक' तिच्या मनात जो रुतला तो रुतलाच.

तपासणीच्या दिवशी तिला अरुंद फळीवर आडवं केलं, तोंडावर जाळीदार पिंजरा बसवला, कानांत बोळे घातले, हातात एक रबरी फुगा दिला. "फारच त्रास झाला तर दाबा," मशीन चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. फळी आत सरकली. छत नाकाला टेकतंय असं तिला वाटलं. धाडधाड आवाज सुरू झाला आणि दोन मिनिटं व्हायच्या आत तिने फुगा असा काही आवळला की बाई धावतच आल्या.

बाहेर काढलं तेव्हा ती घामाने निथळत होती. "लाज आणली हो मी," ती म्हणाली.

"अहो, पैलवान रडलेत इथे," बाई म्हणाल्या. "परवा सकाळी या. पस्तीस मिनिटांचं काम आहे. फक्त हलायचं नाही. ओठसुद्धा नाही."

पस्तीस मिनिटं! ती तडक घरी आली. एका मोठ्या हॉलच्या पडद्यांचं काम अर्धवट होतं, ते ओढून बसली. डाव्या हाताने कापड सरकवत होती, मशीन खडखडत होतं आणि मनात तो पिंजरा फिरत होता. बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला, "काय गुणगुणतेस गं मघापासून?"

ती थांबली. आपण गुणगुणतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

ते बाबांचं गाणं होतं. भिंत रंगवताना म्हणायचं. शब्द त्यांचे स्वतःचे, चाल कुठून उचलली होती देव जाणे.

*एक हात वरती, एक हात खाली,*
*भिंतबाई भिंतबाई, आंघोळ झाली?*

एका कडव्यात वरपासून खालपर्यंत एक पट्टा. ब्रश खाली येईपर्यंत तेच कडवं घोळवत राहायचं. ओल्या रंगात मध्येच थांबलं तर डाग दिसतो. गाणं संपलं की भिंत संपली. बाबांना घड्याळ कधी लागलं नाही.

आणि मग तिला ते कपाट आठवलं. एका जुन्या घरात भिंतीतलं खोल कपाट होतं. आतून रंगवायचं तर मोठं माणूस मावेना. आठ वर्षांच्या खारीला बाबांनी आत बसवलं. आत काळोख, रंगाचा वास. तिने भोकाड पसरलं. बाबांनी तिला बाहेर ओढलं नाही, की रागावलेही नाहीत. दाराशी मांडी घालून बसले आणि गाणं सुरू केलं. "मी गातोय तोवर तू रंगव. माझं संपलं की तू बाहेर." आणि खरंच, गाणं संपायच्या आत कपाट रंगवून झालं होतं.

तिने मशीन थांबवलं आणि घड्याळ लावून गाणं म्हणून पाहिलं. चार कडवी. आठ मिनिटं. पुढे सगळी पाटी कोरी.

उरलेली कडवी जगात एकाच माणसाला ठाऊक असणार, आणि त्या माणसाशी ती दोन वर्षं बोलत नव्हती. बाबा गेल्यावर त्यांचा घोडा तिच्या घरी पडून होता. एक रंगारी मागायला आला, तिने देऊन टाकला. थोरल्या भावाला, दादाला, ते लागलं. "मला एका शब्दाने विचारलं असतंस तर जीभ झडली असती?" एवढं बोलून तो जो गेला तो गेला. तेव्हापासून जे काही बोलणं व्हायचं ते वहिनी आणि हिचा नवरा यांच्यामार्फत.

तिने फोन लावला. दादाचं केशकर्तनालय होतं. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"दादा, मी बोलतेय."

"कोण गेलं?"

"कोणी नाही रे! बाबांचं गाणं किती कडव्यांचं होतं?"

"अकरा," तो चटकन म्हणाला. "का?"

"मला चारच येतात. म्हण ना."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय तोंडाला फेस लावून."

"मग त्यालाही ऐकू दे."

दादाने घसा खाकरला. तिला वाटलं, आता फोन ठेवणार. पण त्याने पाचवं कडवं उचललं. आवाज हुबेहूब बाबांचा. तसाच वरच्या सुराला किंचित फाटणारा. कोपऱ्यातला कोळी आला, खिडकीची चौकट आली, आणि सातव्याला

*मालक बघती मान करून वर,*
*थेंब एक पडला टकलावर*

असं म्हणताच पलीकडून दुसराच कोणीतरी खोखो हसायला लागला.

"हलू नका हो, वस्तरा आहे हातात," दादा गिऱ्हाइकाला म्हणाला. मग फोनमध्ये, "लिहून घेतलंस का?"

"घेतलं. पण टक्कल आठव्यात होतं, सातव्यात नाही."

"सातव्यात! घोड्यावर वर मी असायचो की तू?"

"मीच असायचे!"

मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "खारे, काय झालंय? खरं सांग."

तिने सांगितलं. डोकं, हात, पिंजरा, 'बहुतेक', सगळं. दादाने पंखा बंद करून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाला, "परवा किती वाजता?"

परवा सकाळी तो दुकान बंद ठेवून आला. नवरा आणि दादा बाकावर शेजारी शेजारी बसले, परीक्षेला मूल पाठवल्यासारखे. आत जाताना दादा एवढंच म्हणाला, "टक्कल सातव्यात. तिथे घोटाळा करू नकोस."

पिंजरा बसला. फळी आत सरकली. तिने डोळे आधीच मिटून घेतले होते. ठोके सुरू झाले आणि छातीत तीच धडधड उसळली. मग तिने मनातल्या मनात ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळवला, आणि पहिला पट्टा ओढला. *एक हात वरती.* ओठ हलले नाहीत. मशीनचा आवाज जुना रंग खरवडल्यासारखा होता. तो तोच आहे असं ती धरून चालली. सहाव्या कडव्यात आवाज एकदम बदलला, कर्कश झाला, आणि तिचे शब्द हरवले. बोटं फुग्यावर घट्ट झाली. पण डाग राहील ना! ती पाचव्याला मागे गेली आणि पुन्हा उचललं. सातव्याला तिला त्या फेसवाल्या गिऱ्हाइकाचं हसू आठवलं आणि न हलता हसू दाबणं हेच मोठं काम होऊन बसलं.

अकरावं कडवं संपलं. भिंत संपली. मशीन मात्र चालूच.

असू दे, तिने मनाशी म्हटलं, बाबा कुठलीही भिंत रंगाच्या एका हातावर सोडत नसत. तिने दुसरा हात मारायला घेतला. त्याच्या पाचव्या कडव्यात फळी अलगद बाहेर सरकली.

"झालं की!" बाई म्हणाल्या. "दगडासारख्या पडून होतात. झोप लागली का?"

"छे हो, कामात होते," ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस घरात सगळे दबकून वागले. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरले. दादा खुर्चीमागे उभा होता, नवऱ्याने तिचा हात धरला होता.

"डोक्यात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "अगदी स्वच्छ आहे. मानेतली एक शीर दबली आहे. तीस वर्षं मान खाली घालून शिवताय ना? व्यायाम सांगतो. मशीनचं टेबल उंच करून घ्या."

"म्हणजे... बहुतेक काही नाही?" तिने विचारलं.

"बहुतेक नाही. नक्की."

दादा खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागला. नवरा एकदम टेबलाची उंची किती इंच वाढवायची ते विचारत सुटला. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून दिली तेव्हा कुठे गप्प झाला.

रस्त्यावर आल्यावर दादा म्हणाला, "रविवारी जेवायला या दोघं. तुझी वहिनी बोलावतेय."

"वहिनी बोलावतेय की तू?"

"मी बोलावतोय गं, मी," तो म्हणाला आणि दुकान उघडायचंय म्हणत लगबगीने निघून गेला.

ती दोघं बसमध्ये बसली. खिडकीतून ऊन तिच्या मांडीवर येत होतं. दोन थांबे गेले नसतील तोच तिचं डोकं नवऱ्याच्या खांद्यावर कललं. गेल्या तीन महिन्यांत ती अशी झोपली नव्हती. तोंड किंचित उघडं, श्वास लांब.

त्यांचा थांबा आला. नवऱ्याने बाहेर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही. बस पुढे निघाली. कंडक्टर जवळ आला तसं त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच शेवटच्या थांब्याची दोन तिकिटं मागितली.