वर चंद्रपूर, खाली हैदराबाद

रेडिएटरचा पाइप फुटला तो बुधवारी, आदिलाबादजवळच्या मावल्याच्या नाक्यावर, भर बाराच्या उन्हात. चौऱ्याण्णव सालचा मे महिना होता आणि माझी फियाट सदुसष्ट सालची. जनावरांच्या दवाखान्यातले एक साहेब रिटायर होऊन गावी निघाले, तेव्हा मी ती त्यांच्याकडून घेतलेली. नाक्यावर लोकांनी ढकलायला हात लावला तो कमी आणि सल्ले दिले ते जास्त. मला सल्ल्यांचा फार राग येतो. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला चहाच्या टपरीवरून अक्कल शिकवलेली मला खपत नाही.

बाबाराव मिस्त्री माझाच विद्यार्थी, दहावीला गणितात दोनदा नापास. त्याने बॉनेट उघडलं आणि डॉक्टरसारखं तोंड केलं. इंजिनाचं गरम पाणी रेडिएटरमध्ये जातं आणि थंड होऊन परत येतं ते दोन रबरी पाइपांतून. त्यातला वरचा चिरला होता, आणि खालचा, वाकडा, बोटाने दाबला तर शिजलेल्या वांग्यासारखा दबत होता.

"गुरुजी, दोनी बदलाव लागते. पन याचे पाइप आता आदिलाबादेत भेटत नाईत. ट्रॅक्टरचे हायेत, जीपचे हायेत."

"रविवारच्या आत पायजे," मी म्हणालो.

"काऊन, घरी लगन हाये का?"

लग्न नव्हतं. त्याहून मोठं होतं, पण ते बाबारावला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

माझी माय, भागीरथा, वांकिडीकडच्या एका खेड्यात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत म्हातारी झाली. तिच्यासोबत ओळीला ओळ लावून वेचायची शकुबाई. एकदा दोघी धुऱ्यावर भाकर खात बसल्या होत्या, आणि मालकाची मोटार बाजूने गेली. धूळ सगळी भाकरीवर. तेव्हा शकुबाई म्हणाली होती, आपल्यातली जी कोनी मोटारीत बसून येईन, तिच्यासाठी दुसरीनं दार उघडाचं. चाळीस वर्षं मायने हे कुणाला सांगितलं नाही. मी फियाट दारात आणून उभी केली तेव्हा हारफुलं झाली, पेढे झाले, आणि तिने एकच विचारलं, "याचं दार बाहीरून उघडते का?" मग सगळं सांगितलं.

आता शकुबाईच्या पोराने भिलाईला क्वार्टर घेतलं होतं आणि ती रविवारी सकाळी दहाच्या बसने कायमची चालली होती. पोरगा कागजनगर स्टेशनवर घ्यायला येणार होता. मायला त्याआधी गावात पोचायचं होतं, आणि मोटारीनेच. बसने जाऊन तिला भेटता आलं असतं, हे मी एकदा बोललो. माय त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

आमच्या जिल्ह्यात एक रीत आहे. काही आणायचं असलं की नमुना बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. औषधाची रिकामी बाटली, चष्म्याची काडी, पंपाचा वॉशर, सगळं हैदराबादला जातं आणि त्याच्यासारखं दुसरं परत येतं. मी दोन्ही जुने पाइप कागदात बांधून रातच्या बसच्या ड्रायव्हरला दिले, दुकानदाराच्या नावाची चिठ्ठी लावली आणि निर्धास्त झालो.

माझी बायको पंचफुला चंद्रपूरकडची. तिच्या मते चांगली वस्तू वर्धा नदीच्या पलीकडेच मिळते. मी आंध्र सरकारच्या नोकरीचा माणूस, माझ्या मते हैदराबादला. साडी, चष्मा, दवाखाना, या एकाच भांडणावर आमच्या संसाराची पंचवीस वर्षं गेली.

"चंद्रपूरले का नाई पाठवले?" तिने विचारलंच.

"फियाटीतलं तुला काय कळते?"

"गाडीतलं नाई कळत. मापातलं कळते. तुमी जुना पाइप मापाले देल्ला. जुनं झंपर मापाले देल्लं तं शिंपी ढगळं शिवते, कारन ते अंगावर घालून घालून सैल झालं रायते."

मी हसलो. परीघ आणि व्यास या विषयावर मी पोरांच्या पिढ्या घासल्या होत्या, आणि ही बाई चौथी पास. मी हसलो याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पुढच्या तीन दिवसांत मला हसायला जागा उरली नाही.

ती गाडीजवळ गेली, रेडिएटरच्या ज्या नळीवर पाइप बसतो तिला तुरपाईचा दोरा गुंडाळला, जिथे टोक टोकाला भेटलं तिथे गाठ मारली. वरच्या नळीचा एक दोरा, खालच्या नळीचा एक. लांबीसाठी आपला हात लावला, वीत आणि चार बोटं, आणि तेवढा आणखी एक दोरा तोडला. ते दोरे पाकिटात घालून गुरुवारी चंद्रपूरच्या बसने भावाला पाठवले.

शुक्रवारी सकाळी हैदराबादचे पाइप आले, काळे कुळकुळीत. खालच्याचा वाक अगदी जुन्यासारखा. मी ते कॉलनीत तिघांना दाखवले. दुपारी चंद्रपूरचे आले. रंगाला फिके आणि दोन्ही सरळसोट, कारण दोऱ्याने जाडी कळते, वाक कळत नाही. मी पंचफुलेकडे पाहून नुसती भुवई उचलली.

शनिवारी बाबारावने माझे पाइप चढवले. चढवले कसले, पाइप आपणच नळीवर जाऊन बसले आणि आपणच खाली घसरले. त्याने पट्टा आवळला तेव्हा पाइपाला चुणी पडली आणि चुणीतून पाणी.

"गुरुजी, जुना पाइप तेल पिऊन पिऊन फुगला होता. दुकानवाल्यानं फुगलेल्याचंच माप घेतलं."

पंचफुला ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. काही बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मग तिचे लावले. वरचा असा फिट्ट बसला की बाबाराव "वा" म्हणाला. खालचा मात्र वाकवला की मधोमध मोडायचा आणि पाणी अडायचं. शेवटी बाबारावनेच तोड काढली. वर चंद्रपूरचा, खाली हैदराबादचा, आणि खालच्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून नळीच जाड करायची.

"टिकन का?" मी विचारलं.

"थेंब थेंब गळन. पानी सोबत ठेवा, थांबत थांबत जा. पट्टी तापून बसली तं बसली."

असा आमचा संसार बॉनेटखाली बसवून रविवारी पहाटे आम्ही निघालो. मायने कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि ती मागे एकटी, दाराला चिकटून बसली होती. पंचफुला पुढे, पायांशी पाण्याच्या तीन कॅन. उटनूरपर्यंत एक कॅन संपली. केरामेरीच्या घाटात दुसरी. दर थांब्याला माय विचारायची, "किती वाजले?" आणि मी अर्धा तास कमी करून सांगायचो. गणिताच्या मास्तरला हे शोभत नाही, पण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गाव दिसायला लागलं तेव्हा दहाला पाच कमी होते आणि पाणी संपलेलं होतं. स्टॉप शंभर पावलांवर राहिला, आणि फियाटीने बॉनेटमधून वाफ सोडली आणि बंद पडली. स्टॉपवर निंबाखाली एक म्हातारी पेटीवर बसली होती. मायने काचेतून पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "ढकलत नेऊ नोको, देवाजी," ती म्हणाली, "शकुबाई हासन." मला त्या क्षणी फियाट, हैदराबाद आणि स्वतः, तिघांचाही संताप आला.

शकुबाई उठली. प्रवासासाठी भरलेला फिरकीचा तांब्या हातात घेऊन चालत आली. मायकडे पाहिलंच नाही. "हिले तहान लागली दिसते," एवढंच म्हणाली. गाडी निवेपर्यंत थांबली आणि मग अख्खा तांब्या माझ्या हाताने रेडिएटरमध्ये रिता करवला. मग पदराला हात पुसले, मागच्या दाराशी गेली आणि दार उघडून धरलं.

"उतर, भागीरथे. बोलली होती मी."

माय उतरली नाही. पलीकडे सरकली आणि सीटवर हात थोपटला. "बस."

तेवढ्यात दहाची बस आली, अर्धा तास उशिराने. कंडक्टरने तेलुगूत हाक मारली. मायने काच खाली करून त्याला सांगितलं, "जाय बाबा तू, आमची गाडी हाये." आम्ही पेटी डिकीत टाकली, गावातल्या हापशीवर कॅन भरल्या आणि कागजनगरला निघालो. मागे दोघींचं सुरू होतं, कोणत्या साली कोणाची ओळ आधी सुटली म्हणून. दोघीही खोटं बोलत होत्या.

आसिफाबादच्या पुढे मी पाण्यासाठी थांबलो. बॉनेट उघडलं तर ट्यूबची पट्टी तापून घट्ट बसलेली. पाणी जसंच्या तसं, पाइप कोरडा ठणठणीत. इतकं बरं मला चार दिवसांत वाटलं नव्हतं.

"माय, बंद झालं गळनं. आता सुटलो तं इस मिन्टात टेशन," मी सांगितलं.

मी मागच्या खिडकीतून पाहिलं. शकुबाईचा हात मायच्या मांडीवर होता आणि मायने तो आपल्या दोन्ही हातांत धरला होता. शकुबाईची रेल्वे चार वाजता होती आणि आता कुठे एक वाजला होता.

"अजून एक डाव पाहून घे, बापा," माय म्हणाली.

मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. पंचफुला उतरून माझ्याजवळ आली. तिने खालच्या पाइपाला बोट लावलं, बोट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागे ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लय गळून राह्यलं ना हे. टाइम लागन."

"हो," मी म्हणालो, "तासभर तरी."