बायजाबाईचं पाणी

"आज कमळाबाईंची साक्ष! प्रभू कसा भेटला ते सांगतील!" केसरीनाथमामांनी परस्पर जाहीर करून टाकलं. रविवारची प्रार्थनासभा त्यांच्याच घरी होती. मामांची दारू सुटल्याची साक्ष मंडळीतल्या पोरांनासुद्धा तोंडपाठ झाली होती. आता सगळ्यांना नवी हवी होती.

"पुढल्या वेळी, मामा," कमळा म्हणाली.

"दर वेळी पुढल्या वेळी! प्रभू भेटला का नाय तुम्हाला अजून?"

सगळे हसले. कमळाही हसली. भेटला होता, हेच तर दुखणं होतं.

जन्माची ख्रिस्ती असून चाळिशीपर्यंत तिला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. वचनं पाठ, उपास चोख, आत मात्र ठणठणाट. इतरांच्या साक्षी ऐकून ती मनातल्या मनात जळायची. आणि गेल्या महिन्यात, निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात ती नर्स म्हणून दुपारच्या ड्युटीवर असताना वीज गेली. गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम बंद पडले. त्या शांततेत तिने सवयीने डोळे मिटले, आणि कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. तिची सगळी लबाडी ठाऊक असलेलं, तरी न रागावलेलं. तिला रडू फुटलं.

"बाई, वाईच पानी द्या," कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी बायजाबाई म्हणाली.

कमळाला ते नीट ऐकू आलं. माग बंदच होते. पण डोळे उघडले तर हे निघून जाईल, या भीतीने ती तशीच बसून राहिली. पाणी काय, जरा वेळाने देता येईल. वीज आली, माग खडखडू लागले, ती पेला घेऊन गेली, तेव्हा म्हातारी गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, तिचं आज-उद्यावरच आलं होतं. कमळाला त्याने काडीचं समाधान झालं नाही. आता प्रार्थनेला बसलं की तीच हाक आधी कानात यायची.

सभा सुटली तेव्हा फाटकाशी बायजाबाईची लेक तानी उभी होती, शेलार गावाहून आलेली.

"बाई, येक इचारू? मी त्या टायमाला घरी गेलेली. आईच्या तोंडात शेवटचं पानी पडलं ना? मना जेवन जात न्हाय."

खरं सांगायला कमळाने तोंड उघडलं. तानीच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"पडलं," ती म्हणाली. "मीच पाजलं."

तानीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले.

"तुमच्या देवानंच तुमाला तवा तिच्यापाशी बसवलं, बाई."

आतून मामा चहाला हाका मारत होते. कमळाचे तळवे ओले झाले होते, आणि तिला ते सोडवून घेता येईनात.