स्टेअरिंगवर कोण होतं

"काका, ही मोटार दहा मिनिटं बंद ठेवता येईल का? फार आवाज येतोय," कॅमेरा सांभाळणारा ऋतुराज कानावरचा हेडफोन बाजूला करत म्हणाला.

"न्हाई येत," देवाप्पा म्हणाला. "वरची टाकी भरल्याबिगार न्हाई. तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण हाय. तिला पानी नको व्हय?"

कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या स्वानंदीनं ऋतुराजला खुणेनंच गप्प केलं. मग तिघंही त्या आठ बाय दहाच्या मोटारीच्या खोलीत टाकी भरायची वाट बघत बसले. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या या बेचाळीस घरांच्या इमारतीचं पाणी देवाप्पाच्या हाती होतं. बोअरची मोटार लावायची, नळाचं पाणी कधी येतं ते बघायचं, कमी पडलं तर टँकरवाल्याला फोन करायचा. सतरा वर्षं तो हेच करत होता. राहायचाही इथंच, मोटारीच्या पलीकडं टाकलेल्या लोखंडी कॉटवर. इमारतीतले लोक त्याला 'नीरु अंकल', म्हणजे पाणीवाले काका, म्हणत. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं.

स्वानंदी मूळची पुण्याची, नोकरीसाठी मारतहळ्ळीला राहिलेली. नोकरी सोडून ती दयानंद मेत्री यांच्यावर माहितीपट करत होती. मेत्री मास्तर म्हणजे निपाणी-चिकोडी भागातला मोठा माणूस. हॉटेलात दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या त्यांनी गावोगाव फोडायला लावल्या, न्हाव्याच्या खुर्चीत लोकांना नेऊन बसवलं, तळ्याचं पाणी मोकळं केलं. एकोणतीस वर्षांपूर्वी जीपच्या अपघातात ते गेले. ती जीप देवाप्पाची होती. म्हणजे मालकी मास्तरांच्या संघटनेची, पण अकरा वर्षं ती देवाप्पानंच चालवली होती. स्वानंदीनं दोन वेळा फोन केला तेव्हा त्यानं "मला काय आठवत न्हाई" म्हणून ठेवून दिला होता. तिसऱ्या वेळी ती सरळ येऊन दारात उभी राहिली.

मोटार बंद झाली तशी तिनं विचारायला सुरुवात केली. अपघाताचं तिनं काढलंच नाही. मास्तर कसे बोलायचे, काय खायचे, रागावायचे का, असं काहीबाही विचारत राहिली, आणि देवाप्पाची जीभ हळूहळू सैल झाली.

"मास्तर हाटेलात शिरले की मला आदी बसवायचे. मला, ड्रायवरला! म्हणायचे, देवाप्पा, आज तू पाव्हना, मी तुझा मानूस. चा आला की माझ्या बशीला हात लावून बघायचे, धुतलीय का न्हाई ते."

तो हसला. स्वानंदीही हसली. मग तिनं आवाज जरा खाली आणून विचारलं, "आणि काका, त्या दिवशी? रायबागहून परत येताना तुम्ही गाडी चालवत होतात, तेव्हा नेमकं काय झालं?"

या प्रश्नाला द्यायचं उत्तर देवाप्पाला पाठ होतं. पोलिसांना दिलेलं, कोर्टात दिलेलं, हिंडलग्याच्या जेलमध्ये चौदा महिने दिलेलं. उसाची गाडी होती, कंदील नव्हता, धुकं होतं, मला दिसली नाही. तो तोंड उघडून तेच सांगणार होता. पण आत्ताच मास्तर बशीला हात लावून बघताना त्याच्या डोळ्यांपुढं आले होते, आणि त्यांच्यासमोर ते उत्तर त्याच्या तोंडातून निघेना.

"मी न्हवतो चालवत," तो म्हणाला. "मास्तर होते स्टेअरिंगवर."

ऋतुराजनं कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं.

"दोन राती मी डोळ्याला डोळा लावला न्हवता. सबा लागून होत्या. पाटंला पाटंला झोप याय लागली. मास्तर म्हनाले, चावी दे, तू डोळं मीट, रस्ता मोकळा हाय. लायसन न्हवतं त्यास्नी. नुकतं शिकत होते, मीच शिकवत होतो. मी दिली चावी. देत न्हाई म्हनलं असतं तर..." तो थांबला. "दनका बसला तवा जाग आली. उसाचा गाडीवान जाग्यावर गेला. आप्पाजी नाव त्याचं. आपल्यातलाच, हातावर पोट. मास्तर बेसुद्द होते. मी त्यास्नी वडून माझ्या जागेवर घेतलं आनि मी स्टेअरिंगला बसलो. लोक आले तवा मी तितं बसलेला."

"पण का, काका?"

"मास्तर जगत्याल असं वाटलं की! शुद्धीवर येत्याल तर पोलीस खाटंजवळ उभा, गरिबाचा जीव घेतला म्हनून. मी म्हनलं, चार दिस जाऊ द्यात. मग बघू. तीन दिवसांत मास्तर गेले. आता कुनाला सांगू? मेलेल्या मानसावर ढकलतोय म्हनत्याल. आनि तसंच म्हनाली."

"कोण?"

"आमची घरवाली, गंगव्वा. जेलात भेटाय आली तवा तिला एकटीला सांगितलं. ती उटून गेली."

स्वानंदीनं ऋतुराजला कॅमेरा बंद करायची खूण केली. जाताना ती म्हणाली, "काका, हे फिल्ममध्ये ठेवायचं की नाही, ते मी एकटी ठरवणार नाही." ते गेल्यावर देवाप्पानं स्टोव्ह पेटवला, भात टाकला, आणि जेवायचं विसरून कॉटवर बसून राहिला.

बाहेर गेलेला शब्द परत घेता येत नाही, हे त्याला त्या वेळीही ठाऊक होतं आणि आताही. पण तेव्हाचा शब्द चार दिवसांसाठी होता. त्याची एकोणतीस वर्षं झाली. जेलमधून सुटून गावी गेला तर जमीनदारांनी त्याला फितवून गाडी धडकवायला लावली, असं लोक म्हणत होते. संघटनेतला कल्लाप्पा, ज्याच्या लग्नाची वरात देवाप्पानं जीपमधून काढली होती, तो भर बाजारात त्याच्या अंगावर थुंकला. गंगव्वा नऊ वर्षांच्या मुलाला, महांतेशला, घेऊन भावाकडं गोकाकला गेली ती परत आली नाही. देवाप्पा बेंगळुरूला आला. पुन्हा कधी त्यानं कुठल्या गाडीच्या पुढच्या सीटवर बूड टेकलं नाही. रिक्षातसुद्धा मागं बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आठ वर्षांपूर्वी गंगव्वा गेली. तेही त्याला दिवस झाल्यावर कळलं.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मोटारीच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची, उंच, कपाळ थेट मास्तरांचं. तिनं नाव सांगायच्या आधीच देवाप्पा उठून उभा राहिला.

"मी पवित्रा. मेत्री मास्तरांची मुलगी."

"वळखलं की. या. बसा." त्यानं कॉटवरची चादर झटकली.

ती बसली. मोटारीकडं बघत राहिली. स्टोव्हकडं वळत देवाप्पा म्हणाला, "चा करू?"

"काका, आमचे आप्पा गाडी चांगली चालवायचे का हो?"

एवढ्या वर्षांत पोलिसांनी विचारलं होतं, वकिलांनी विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

"वंगाळ," तो म्हणाला. "लई वंगाळ. क्लच दाबायचं इसरायचे. गिअर टाकला की जीप अशी हिसके द्याय लागायची, पोटात दुखल्यागत. आनि वर मलाच म्हनायचे, देवाप्पा, तुझी गाडी आजारी हाय."

पवित्रा हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला.

"सगळे मला आप्पांची भाषणं सांगतात," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मी सात वर्षांची होते हो. घरातला माणूस कसा होता ते कुणी सांगतच नाही." मग तिनं डोळे पुसले. "तुम्ही सुटून आलात तेव्हा तुमच्या दारावर पोरांनी दगड मारले होते. त्यात मी होते. माझा दगड खिडकीला लागला."

"पोरं मारत्यात. तुमचं काय चुकलं?"

"स्वानंदीनं मला विचारलं, ठेवू का काढू. कल्लाप्पाकाका म्हणतात, काढा, चळवळीला बट्टा लागेल. मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांना विचारते."

देवाप्पा खाली मान घालून म्हणाला, "तुमच्या वडलांचं नाव हाय. तुमी सांगा."

"त्या गाडीवानाची बायको आहे अजून. गेल्या आठवड्यात जाऊन आले मी. तिला वाटतं, ज्यानं मारलं तो जेल भोगून आला. आमच्या घरातून कुणी तिच्या दारात गेलंच नाही इतकी वर्षं." ती उठली. "ठेवूया, काका."

जाताना ती वाकली. देवाप्पा दोन पावलं मागं सरला, पण तिनं पायाला हात लावलाच.

त्या संध्याकाळी स्वानंदीनं फिल्म दाखवायचा दिवस कळवला, तेव्हा त्यानं महांतेशला फोन लावला. महांतेश हुबळीला बँकेत होता. दिवाळीला एक फोन यायचा, तोही दोन मिनिटांचा. देवाप्पानं सगळं सांगितलं. सांगताना त्याची जीभ अडखळली नाही याचं त्यालाच नवल वाटलं.

मग महांतेश म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? आई गेली की. तिला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं हुतं."

"कधी?"

"जेलात. तिला पटलं न्हाई."

फोनमध्ये लांबून कुठल्यातरी लहान पोराच्या रडण्याचा आवाज आला. आपल्याला नातू आहे एवढंच देवाप्पाला ठाऊक होतं. त्याचं रडणं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"पुडच्या ऐतवारी सिनेमा दाकवनार हायत. बसवनगुडीत, चार वाजता," देवाप्पा म्हणाला. "आलास तर बरं हुईल."

"बघतो. जमलं तर येतो," महांतेश म्हणाला.

रविवारी देवाप्पानं सकाळीच टाकी भरून ठेवली. पांढरा सदरा घातला, टोपी घातली, आणि तीन वाजता सभागृहात जाऊन बसला. पुढच्या रांगेत त्याच्यासाठी खुर्ची राखली होती, पण तिथं आजूबाजूला मोठी माणसं होती, म्हणून तो मागून तिसऱ्या रांगेत बसला आणि शेजारच्या खुर्चीवर त्यानं आपली पिशवी ठेवली. कुणी आलं की तो म्हणायचा, "मुलगा येतोय." दोघं-तिघं पुढं गेले. सभागृह भरत आलं. एकदा दारात निळ्या शर्टातला एक उंच माणूस दिसला तेव्हा देवाप्पा अर्धा उठला. तो दुसराच कुणीतरी होता.

चारला पाच मिनिटं असताना एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. केसांत जाईचा गजरा, बोलणं इथल्या जुन्या मराठी घरांचं, कानडी मिसळलेलं. "अण्णा, स्वल्प ही पिशवी काढता का? कोण येणार आहेत का इथं?"

देवाप्पानं दाराकडं पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली. "न्हाई. बसा."

दिवे मालवले. मास्तर पडद्यावर आले, तरुण, हात उगारून बोलणारे. फुटक्या कपबश्या आल्या, तळं आलं, तिरडीमागं निघालेली माणसं आली. आणि मग मोटारीच्या खोलीत, खाकी शर्टात, खांदे पाडून बसलेला एक म्हातारा आला आणि म्हणाला, "मी न्हवतो चालवत. मास्तर होते स्टेअरिंगवर."

सभागृहात कुजबुज झाली. पुढून कुणीतरी मोठ्यानं "सुळ्ळु!" म्हणालं, खोटं आहे. दोघं उठून गेले. खुर्च्यांचा आवाज झाला आणि थांबला. पडद्यावरचा म्हातारा गंगव्वाचं सांगत होता, ती उठून गेली ते. त्यानंतर कुणी हललं नाही.

शेजारच्या बाई चुकचुकल्या. डोळे पडद्यावरून न काढता त्या देवाप्पाकडं झुकल्या.

"पाप! बिचारा, इतकी वर्षं एकटाच हो. ह्यांचं आपलं असं कोणीच नाही का?"

"हाय की," देवाप्पा म्हणाला. "मुलगा हाय. हुबळीला असतो. बँकेत."

"सरी, मग बरं," त्या म्हणाल्या.

त्यांची काठी घसरत होती. देवाप्पानं ती धरून दोघांच्या खुर्च्यांमध्ये नीट टेकवली आणि पुन्हा पडद्याकडं बघू लागला.