मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट

एकदा एका डिझेल गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये एवढी काजळी निघाली, की माझा दहा नंबरचा पाना तिच्यात बुडाला आणि तिसऱ्या दिवशी सायलेन्सरमधून बाहेर पडला. खोटं वाटत असेल तर पान्यालाच विचारा, अजून खोकतोय बिचारा. पण आता सांगतोय त्या गाडीला मी तिखटमीठ लावणार नाही.

गाडी माझ्या मेव्हण्याची. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तिचा हा धाकटा भाऊ. पोस्टातून निवृत्त, आणि माझ्यासारखाच घरी एकटा. मला ‘दाजी’ म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलेलं. दर शनिवारी येऊन गॅरेजातल्या स्टुलावर बसायचा. मी थापा मारायचो, तो म्हणायचा, “दाजी, थोडं कमी करा,” की मी वीस हाताचा साप बारा हातांवर आणायचो. त्याहून खाली उतरणं मला परवडत नसे.

एका शनिवारी तो गाडी घेऊनच आला. मागे काळ्या धुराचं शेपूट.

“चढ आला की बसकण मारते. धड करून द्या, दाजी. मुलगा बोलावतोय, कायमचं. चारशे किलोमीटर, मध्ये घाट. पुढच्या रविवारी निघतो.”

“मग रेल्वेनं जा की.”

“गाडी नसली तर तिथं माझ्यात आणि कपाटात फरक काय? कोणी हलवलं तर हलायचं.”

दुखणं मी पाच मिनिटांत ओळखलं. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणारा फाटे फुटलेला नळ. डिझेल गाडीत थोडा धूर परत याच नळातून आत फिरवतात. गाडी रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन परतत असेल, तर इंजिन धड तापत नाही आणि तो धूर तेलाच्या वाफेत मिसळून डांबरासारखा आत बसतो. नळ उतरवला तर अंगठा जाईल त्या भोकात करंगळी जाईना.

“नाकात बोळे घालून पळतेय रे ही,” मी म्हणालो.

दोन दिवस भिजवलं, खरवडलं, सांध्यातून हवा निसटू नये म्हणून बसवतात ते गॅस्केट नवं घातलं. बोल्ट नऊ. मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही अंगांना आलटूनपालटून कसत जायचं. आठ कसले. नववा अगदी मागे, तिथं हात पोचतो, नजर पोचत नाही. तो मी नुसत्या बोटांनी फिरवला आणि बॉनेट लावलं.

विसरलो नव्हतो. चाळीस वर्षांत बोल्ट विसरलो नाही.

शनिवारी तो परत आला. “धूर कमी आहे, पण आता सुस्कारे टाकतेय. ओढत तर नाहीच.”

“नवं गॅस्केट आहे. रुळायला वेळ घेतं, नव्या सुनेसारखं.”

रविवार गेला. पुढच्या शनिवारी मी हवेतल्या दमटपणावर खापर फोडलं. त्यानं तिथूनच मुलाला फोन लावला, “गाडी अजून तयार नाही रे.” मग स्टूल ओढून बसला. मी सापाची गोष्ट काढली. छान गेला तो शनिवार.

मग तो आला मंगळवारी. बसला नाही.

“दाजी, ते धुराचं यंत्र लावा.”

हे यंत्र इंजिनाच्या हवेच्या वाटेत पांढरा धूर सोडतं. जिथं फट, तिथून धूर बाहेर. त्याच्यावर छाप पाडायला मीच ते शंभरदा दाखवलेलं. लावलं. मागच्या कोपऱ्यातून दोऱ्यासारखा धूर वर आला. आम्ही दोघंही बघत राहिलो.

“मागचा बोल्ट,” तो म्हणाला.

“असेल.”

“पहिल्यापासून सैल आहे.”

“तुला काय कळतंय? तुला वायपर आणि डिपस्टिक वेगळे ओळखता येत नाहीत.”

“ताईनं शिकवलंय. म्हणायची, दाजींचं बोलणं ऐकू नकोस, हात बघ. थाप मारताना हवेत नाचतात. खोटं बोलताना खिशात जातात.”

मी हात बाहेर काढले. “मग बोलला का नाहीस?”

“मुलाला नाही म्हणवत नव्हतं, आणि इथून पाय निघत नव्हता.” त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. “म्हटलं, राहू दे सैल.”

म्हणजे दोन आठवडे दोन म्हातारे एकाच बोल्टाला लोंबकळत होते.

“आणि आज काय झालं?”

“परवा मुलाच्या पाठीचं ऑपरेशन आहे. काल रात्री सांगितलं, माझ्या जिवाला घोर नको म्हणून लपवलं होतं. सून एकटी, पदरात तान्हं पोर. उद्या मला घाट चढायचाय, दाजी.”

मी सगळे बोल्ट काढले. हवा खाल्लेलं गॅस्केट फेकून दुसरं घातलं. कसण्याचं माप दाखवणारा पाना काढला, जो मी एरवी फक्त गिऱ्हाइकांना दाखवायला भिंतीवर टांगतो. तो टॉर्च धरून उभा. नववा बोल्ट कसला आणि म्हणालो, “घाल हात. बघ.”

त्यानं हात घातला, चाचपलं. “पक्का आहे,” म्हणाला. मग हात तसाच आत ठेवून, “तुमचं कसं होणार?”

“माझं काय! शनिवारी इथं रांग लागेल. पोलीस लागतील आवरायला. तुझ्या स्टुलासाठी लिलाव करावा लागेल.”

त्यानं काहीच कमी करायला सांगितलं नाही.

बुधवारी संध्याकाळी फोन आला. “पोचलो. घाटात एकदाही दम लागला नाही.”

“इंजिन चालू आहे?”

“आत्ताच दारात आलोय.”

“बॉनेट उघड. फोन आत धर.”

धरला त्यानं. मी दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकत राहिलो. एखादी शिट्टी, एखादी खडखड, ‘तसाच उलटा फीर’ म्हणता येईल असं काहीही. पाच मिनिटं तरी ऐकलं असेल. चारही सिलिंडर एका सुरात चालले होते.

“दाजी? काही आहे का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बंद कर. आत जा, मुलाजवळ बस.”