हिरवं बटण

साडेनऊला सुनेने कॉम्प्युटर चालू केला. पावणेदहा झाले तरी पडद्यावरचं गोल चक्र आपलं फिरतंच होतं.

परीक्षा अकराला. सव्वाअकरानंतर कुणाला आत घेत नाहीत. नऊ वर्षं ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत हंगामी म्हणून लोकांची रक्तं तपासतेय. कायम व्हायचं तर ही परीक्षा हवी, आणि वयाच्या अटीमुळे हीच शेवटची. घरात बसून द्यायची, कॅमेऱ्यासमोर, आणि ज्या कॉम्प्युटरची नोंद केली त्याच्यावरच. नाहीतर शेजारच्यांचा मी केव्हाच उचलून आणला असता.

मुलगा कामावर. तिथे फोन दारातच काढून घेतात. घरात मी, सून आणि आमचे हे.

"बाबा, काल तुम्ही यावर पत्ते खेळत होतात ना?" सुनेने मान न वळवता विचारलं.

"तीनच डाव," हे म्हणाले.

"तीन डावांनी असं नाही होत. काहीतरी उतरवून घेतलं असणार तुम्ही."

"मी? पत्ते सोडून मला त्यातलं काय येतं गं?"

"मग दिवसभर त्याच्यापुढे बसतं कोण?"

असं बोलले ती मी. पटकन तोंडातून गेलं, पण म्हणायला नको होतं. कारण रोज सकाळी तो कॉम्प्युटर मी पुसते. पुसताना माऊस हलला की पडदा जागा होतो आणि एक चौकट वर येते. काहीतरी विचारत असते, इंग्रजीत. मला ते वाचता येत नाही. विचारायचं कुणाला? सुनेला? लग्न होऊन आली तेव्हा हिला कांदा धड चिरता येत नव्हता, तो मी शिकवला. आता हिच्यापुढे पाटी घेऊन बसू? मग दारावर आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावावं तशी मी त्या चौकटीला वाटेला लावायची. एक बटण मोठं आणि हिरवं असतं. ते दाबलं की चौकट जाते. घरात मात्र सगळ्यांना सांगून ठेवलेलं, मी त्या यंत्राला फडक्याशिवाय हात लावत नाही.

सुनेने दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. वायर काढा म्हणाला, काढली. बंद करून चालू करा म्हणाला, केला. त्यात दहा वाजून गेले.

"ताई, आत काय काय टाकलंय त्याची यादी उघडा. वाचा मला."

सून वाचायला लागली. वाचतेय, वाचतेय, यादी संपेना.

"अहो, घर आहे का दुकान?" फोनमधून आवाज आला. "एवढं भरलं कुणी?"

सुनेने ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या तळहाताकडे बघत होते. मी पडद्याची कड पुसत राहिले.

"एकेक काढत बसलो तर दुपार होईल," दुरुस्तीवाला म्हणाला. "त्यापेक्षा यंत्र मागच्या तारखेला नेऊ. त्या दिवशी जसं होतं तसं होईल. कुठल्या तारखा दाखवतोय?"

"दोनच. आठ आणि वीस."

"परीक्षेचा प्रोग्राम कधी टाकलात?"

"बाराला."

"मग नीट ऐका. आठला गेलात तर तो पुसला जाईल, परत टाकायला वर पंधरा मिनिटं, म्हणजे अगदी काठावर. वीसला गेलात तर तो राहील. पण घाण वीसच्या आधी शिरली असेल तर आहे तस्संच राहणार. एकदा सुरू केलं की अर्धा तास जातो, मध्ये थांबवता येत नाही. दुसऱ्यांदा करायला वेळ उरणार नाही. नक्की कधीपासून बिघडलंय?"

"मी महिनाभर दोन-दोन पाळ्या करतेय, घरी नुसती झोपायला येते. मला कसं कळणार?" सुनेचा आवाज फाटला. "बाबा, तुम्ही कधी काय केलंत ते सांगा. मी रागावणार नाही. तारीख तेवढी सांगा."

घड्याळात दहा पंचवीस. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाकरले.

"आठच्या आधीच असेल. माझ्याच हातून झालं असेल काहीतरी. घाल आठ."

सुनेने माऊस आठवर नेला.

"थांब," मी म्हणाले. "त्यांनी काही केलेलं नाही. मी केलंय."

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. चौकट यायची, मी हिरवं बटण दाबायची. रोज. पण कॉम्प्युटर बिघडला तो प्लंबर आला त्या दिवशी. ती चौकट जाईचना, तीनदा बटण दाबलं. मग दाराची घंटा वाजली म्हणून मी गेले आणि पडद्यावर एक पट्टी सरकत राहिली."

सून माझ्याकडे बघत राहिली. बोट माऊसवर तसंच.

"प्लंबर बावीसला आला होता. पण आधीही रोज दाबत होतात ना? मग बिघाड बावीसचाच कशावरून?"

"हातावरून. रोज पुसते मी. आधी कधी गरम लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर तव्यासारखा, आणि आतला पंखा घरघरतोय तो आजतागायत. वाचता येत नाही मला, हाताला कळतं."

"आजी म्हणतात त्यात तथ्य आहे," फोनमधला म्हणाला.

"आजी कुणाला म्हणतोस रे?"

"काकू म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ताई, ठरवायचं तुम्ही."

सुनेने डोळे मिटले, उघडले आणि वीस दाबलं.

पडदा काळा झाला. दहा चाळीस. दहा पन्नास. तिचे हात मांडीवर होते आणि अंगठ्याने ती दुसऱ्या हाताचं नख खरवडत होती. मला ते बघवेना.

"बोल ना काहीतरी. चार शब्द ऐकव मला."

"आत्ता वेळ नाहीये माझ्याकडे, आई."

अकराला दोन मिनिटं कमी असताना पडदा उजळला. मी आधी हात लावून बघितलं. कोमट होता. घरघर नव्हती. सुनेने परवलीचा शब्द घातला तो चुकला, परत घातला. अकरा सात. परीक्षेचं पान उघडलं. चेहरा दाखवा, खोली दाखवा, खोलीत दुसरं कुणी नको. तिने आम्हा दोघांना बाहेर काढलं.

"मी संध्याकाळी बोलणार आहे," दार लावता लावता ती मला म्हणाली. "हे असं सोडणार नाही."

"बोल. मी कुठे पळून जातेय."

बाहेर आल्यावर हे हळूच म्हणाले, "मला ठाऊक होतं. रोज सकाळी टकटक ऐकू यायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्याविरुद्ध? मला दोन्ही वेळ जेवायचं असतं."

"तुमच्या या चांगुलपणापायी पोरीची नोकरी गेली असती आज. म्हणे घाल आठ."

"माझ्या चांगुलपणापायी?" हे म्हणाले.

आत सून कॅमेऱ्याला आपला परीक्षा क्रमांक सांगत होती, एकेक आकडा सुटा, ठणठणीत. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. थोड्या वेळाने कीबोर्ड वाजायला लागला.